विजेच्या आधाराने पाऊल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी हा विषय काढते, याबद्दल राग मानू नये. झाडावरून किंवा विहिरीत पडून कमरेखाली लुळा झालेला माणूस कोणाच्या ना कोणाच्या नात्यात असतोच. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात आपल्याच भागातील घरांच्या दगडी भिंती निजलेल्या माणसांच्या अंगावर कोसळल्या, तेव्हाही हे दुःख आपण जवळून पाहिले.

माझे धाकटे दीर आंब्यावरून पडले. पुढे कोणीसे सांगितले, "विजेचे यंत्र लावा, सहा महिन्यांत चालू लागतील." सासूबाई दोन एकर विकायला निघाल्या. म्हणून मी चौकशी केली. तीच आपणांस सांगते.

मेंदूचा हुकूम मज्जारज्जूतून पायांकडे जातो. पाट मध्येच फुटला तर खालच्या वाफ्यांना पाणी पोचत नाही. वाफे मात्र जागच्या जागी असतात. तसेच इजेखालच्या नसा व स्नायू पुष्कळदा शाबूत असतात. कातडीवर पट्ट्या चिकटवून विजेचे बारीक ठोके दिले, की स्नायू आवळतो. मांडीच्या पुढच्या बाजूस दिले तर गुडघा ताठ होऊन माणूस उभा राहतो. गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला असलेल्या नसेला दिले तर पाय आपसूक उचलला जातो. हाताशी वॉकर असतो व त्यावर खटका. 1982 साली अमेरिकेतील डेटन येथे जेरॉल्ड पेट्रोफ्स्की यांनी संगणकाच्या मदतीने नॅन डेव्हिस या तरुणीला अशी काही पावले चालविले. 1994 साली तेथील सरकारने असे एक यंत्र वापरण्यास मान्यता दिली.

परंतु ही चाल संथ असते. स्नायू लवकर थकतात, सारा भार हातांवर येतो, आणि बहुतेकांना रोजच्या कामाला चाकांची खुर्चीच लागते. स्नायूंना व्यायाम घडतो, हा लाभ खरा. पण तुटलेला मज्जारज्जू त्याने सांधत नाही. शिवाय पायांकडे जाणाऱ्या नसाच मेल्या असतील, तर या ठोक्यांनी स्नायू हलत नाही. कातडीला स्पर्श कळत नसल्याने पोळण्याचे भय असते, म्हणून जाणत्याच्या देखरेखीवाचून पट्टी लावू नये.

दिरांची तपासणी झाली. इजा अगदी खाली, नसांनाच होती. यंत्राचा उपयोग नव्हता. सासूबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. पण जमीन राहिली. आज दीर खुर्चीवर बसून पिठाच्या गिरणीचा हिशेब पाहतात.

तेव्हा पैसा मोजण्याआधी तपासणी करून घ्यावी. मुंबईत हाजी अली येथे 1955 पासून पुनर्वसनाची सरकारी संस्था आहे. जवानांसाठी पुण्याजवळ खडकीला 1974 पासून केंद्र आहे. घरी रोग्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे, नाहीतर पाठीला जखमा होतात. पडलेल्या माणसाला कधीही बसते करू नये. मान व पाठ सरळ ठेवून, चौघांनी मिळून फळीवर घ्यावे.

शेवटी एक मागणे. आपल्या मंडळाच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. यंदाच्या वर्गणीतून त्यांच्या शेजारी एक उतार बांधू या, म्हणजे पुढच्या वर्धापनदिनी खुर्चीवरची माणसेही आत येऊन बसतील.