आधी मूर्ती, मग प्राणप्रतिष्ठा

क्युपर्टिनोहून आज जरा तांत्रिक विषय घेऊन आलोय. पण घाबरू नका, ज्यांच्या घरी गणपती येतो त्या सगळ्यांना तो कळेल.

मूर्ती पाटावर ठेवली की लगेच आरती म्हणतो का आपण? नाही. आधी प्राणप्रतिष्ठा. वेब अ‍ॅप्लिकेशनमधला पडद्यावरचा प्रत्येक भाग, म्हणजे कंपोनंट, असाच टप्प्याटप्प्याने उभा राहतो. कन्स्ट्रक्टर ऑब्जेक्ट घडवतो, आणि त्यानंतर फ्रेमवर्क त्याला बाहेरची माहिती पुरवतं.

आमच्या गावाला हे नवीन नाही. नेक्स्ट कंपनीने 1996 मध्ये वेबऑब्जेक्ट्स आणलं. अ‍ॅपलने नेक्स्ट विकत घेतली आणि पुढे आयट्यून्स स्टोअरही त्यावरच चाललं. त्यात कंपोनंटचा कन्स्ट्रक्टर एकदाच चालतो, पण 'अवेक' ही मेथड तो कंपोनंट सहभागी असलेल्या प्रत्येक रिक्वेस्टला चालते. आजच्या अँग्युलरमध्येही कन्स्ट्रक्टरच्या वेळी पालक कंपोनंटकडून येणारे इनपुट पोचलेले नसतात. ते पहिल्यांदा भरले की 'एनजीऑनइनिट' चालतं, तेही एकदाच. नंतर इनपुट बदलले तर 'एनजीऑनचेंजेस' बघावं लागतं.

हे मी ठेच खाऊन शिकलो. एका क्लायंटसाठी रुग्णांच्या नोंदींचं पान करत होतो. अ‍ॅलर्जीची यादी मी कन्स्ट्रक्टरमध्येच वाचली. यादी तेव्हा आलेलीच नव्हती. माझ्या कोडने ती रिकामी धरली आणि पानावर ठळक अक्षरांत आलं, 'अ‍ॅलर्जी नाही'. एररसुद्धा आली नाही. चाचणीला बसलेल्या नर्सबाई म्हणाल्या, "अहो, या पेशंटला पेनिसिलिन चालत नाही!" नशीब, पान अजून वापरात गेलं नव्हतं.

दुरुस्ती दोन ओळींची होती. वाचन कन्स्ट्रक्टरमधून काढून इनपुट आल्यावर, आणि पेशंट बदलला की पुन्हा, करायचं. त्याबरोबर तिसरी स्थितीही दाखवायला लागलो: 'माहिती अजून आलेली नाही'. कारण सर्व्हरचं उत्तर त्याहूनही उशिरा येऊ शकतं.

तेव्हा मित्रांनो, कन्स्ट्रक्टरमध्ये फक्त घडवण्यापुरतं काम ठेवा. आणि रिकामी जागा दिसली की स्वतःला विचारा, उत्तर 'नाही' असं आहे, की उत्तर अजून वाटेत आहे?

भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.