पेटीविना संगीताचा तास



आपल्या ठाणे जिल्ह्यात पाडा म्हणजे लहानशी वस्ती. अंबरनाथचा बुवापाडा आज शहरात मोडतो, पण नावातला पाडा काही गेलेला नाही. अंबरनाथ हे कारखान्यांचे गाव. पोटापाण्यासाठी इथे मुलुखामुलुखांतून माणसे आली आणि येताना आपापली गाणीही घेऊन आली. कोणाच्या घरी खानदेशी ओव्या, कोणाच्या घरी कोकणातली भजने, तर कोणाच्या घरी उत्तरेकडच्या बोलीतली अंगाई. अशा घरांतली वीस-पंचवीस मुले एका खोलीत समोर बसली, की बाईंना प्रश्न पडतो : "आमच्याकडे पेटी नाही, तबला नाही, आणि मला स्वतःला गाता येत नाही. मग मुलांना संगीत शिकवायचे तरी कसे?"

या प्रश्नाचे उत्तर आज आपण पाहू. ते थोडक्यात असे, की लहान मुलाच्या संगीताची सुरुवात पेटीपासून करावयाची नसतेच. ती त्याच्या हातापायांपासून करावयाची असते. मूल नीट बोलू लागण्यापूर्वी डोलू लागते. आजीने मांडीवर घेऊन झुलवले, की त्या झुलण्याबरोबर ते हुंकार देते. म्हणजे ताल आणि सूर त्याच्या अंगी एकदमच येऊ लागतात. आपण मात्र शाळेत आल्याबरोबर त्याला सांगतो, "हाताची घडी घाल, हलू नकोस, आणि म्हण, सा रे ग म." ज्या अंगाने ते गाणे शिकणार, तेच अंग आपण बांधून ठेवतो!

ही गोष्ट आपल्याच भागात पूर्वी ओळखली गेली आहे. भावनगरला १९२० साली गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर सुरू केले. तेथे त्यांच्याबरोबर ताराबाई मोडक यांनी काम केले. पुढे १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तो भाग आता पालघर जिल्ह्यात आहे, पण २०१४ पर्यंत तो ठाणे जिल्ह्यातच होता. मॉन्टेसोरी पद्धतीची महाग साधने पाड्यावर कुठून आणणार? तेव्हा शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. मूल शाळेत येईना, तर शाळा त्याच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणातही गेली. अंगणवाडी हा शब्द आणि ती कल्पना अशी रुजली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली.

आता पाहा, त्या भागातल्या वारली मुलांना ताल कोणी शिकवला होता? भोपळ्याचा लांबलचक तारपा वाजू लागतो, वाजवणाऱ्याभोवती माणसे हातात हात गुंफून फिरतात, आणि तारप्याची चाल बदलली की पाऊल बदलते. तिथे कोणी मात्रा मोजून दाखवत नाही. मोठ्यांच्या पावलाशी पाऊल जुळवता जुळवता मूल लय शिकते. आपल्याकडची फुगडी, झिम्मा, भोंडल्याचा फेर ही याच जातीची शाळा आहे.

परदेशातल्या जाणत्यांनाही हेच आढळले. जिनिव्हाच्या संगीतशाळेत एमिल झाक-डालक्रोझ नावाचे शिक्षक होते. आपले विद्यार्थी कागदावर बरोबर लिहितात, पण लय त्यांच्या अंगात उतरलेली नाही, असे त्यांच्या ध्यानात आले. मग त्यांनी विद्यार्थ्यांना संगीताबरोबर चालावयास, थांबावयास, वळावयास लावले. हंगेरीत झोल्तान कोदाय यांनी आग्रह धरला, की मुलाच्या हाती वाद्य देण्यापूर्वी त्याला गाऊ द्या, आणि तेही त्याच्या मातृभाषेतली लोकगीते गाऊ द्या. आपल्या आजीबाईंना ही नावे ठाऊक नव्हती, पण रीत ठाऊक होती.

तर मग उद्याच्या तासाला काय करावे? बुवापाड्याच्या मुलांना आगगाडी काही नवी नाही. तिचाच खेळ घ्या. मुले एकामागे एक उभी राहतील. बाई टाळी वाजवतील, आणि एका टाळीला एक पाऊल पडेल. गाडी स्टेशनातून निघाली म्हणजे टाळी सावकाश. गाडीने वेग घेतला म्हणजे टाळी जलद. सिग्नल पडला की टाळी बंद आणि पाऊलही बंद. या थांबण्याला फार महत्त्व आहे बरे का! संगीतात जितका आवाज मोलाचा, तितकीच शांतताही मोलाची, हे मुलाला इथेच कळते. आठ दिवसांनी दोन गट करा. एक गट सावकाश पाऊल टाकील, तर दुसरा त्याच वेळात दुप्पट पावले टाकील. गवई ज्याला दुगुन म्हणतात ती हीच. पण हा शब्द अजून उच्चारू नका. आधी गोष्ट अंगवळणी पडू द्या, नाव मागाहून येईल.

दुसरा खेळ कानाचा. आंधळी कोशिंबीर सर्वांना येतेच. तिच्यात एवढाच बदल करा : डोळे बांधलेल्या मुलाने हाताने चाचपून ओळखावयाचे नाही. कोणीतरी गाण्याचा एक तुकडा म्हणावा आणि आवाज कोणाचा ते त्याने सांगावे. तिसरा खेळ पाण्याचा. एकसारखे चार पेले घ्या आणि त्यांत कमीजास्त पाणी भरा. चमच्याने हलकेच वाजवले, की ज्यात पाणी अधिक त्याचा आवाज खालचा निघतो आणि ज्यात कमी त्याचा वरचा. जलतरंगाचे मर्म हेच. आवाज वर गेला की मुलांनी हात उंच करावे, खाली आला की बसावे. स्वर चढतो आणि उतरतो हे त्यांना अशा रीतीने हालचालीतूनच कळते.

मग गाणे. गाणे लहान असावे, आणि पाच-सहा स्वरांतच फिरणारे असावे. बाईंनी एक ओळ म्हणावी, मुलांनी ती उचलावी. पट्टी मात्र आपल्या सोयीची धरू नये. विशेषतः पुरुष शिक्षक आपल्या भरदार आवाजात खालून सुरुवात करतात, आणि मुलांना समजत नाही की याच्यात आपला आवाज मिसळावा कुठे. यावर एक साधा उपाय आहे. एखाद्या मुलालाच गाणे सुरू करू द्यावे आणि आपण त्याच्या आवाजाला जाऊन मिळावे. आणखी एक. "जोरात गा, जोरात!" असे सांगू नये. जोर केला की मूल गात नाही, ओरडते. त्याने सूरही जातो आणि घसाही दुखावतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे सांगितले, तिच्याकडे वळतो. प्रत्येक वर्गात एक-दोन मुले अशी असतात, की सारे वरच्या सुरात गात असताना ती एकाच सुरात गुणगुणत राहतात. त्यांना आपण काय म्हणतो? "तुला गळा नाही. तू नुसते ओठ हलव." स्नेहसंमेलन जवळ आले की हे वाक्य हमखास ऐकू येते. दहा निवडक मुले पुढे, बाकीची मागे. शिक्षकांनो, पाच वर्षांच्या मुलाबद्दल असा निवाडा देण्याचा अधिकार कोणालाच नाही. सुरात सूर मिळवणे ही चालण्यासारखीच हळूहळू येणारी गोष्ट आहे. कोणाला ती चौथ्या वर्षी साधते, तर कोणाला सातव्या-आठव्या वर्षी. ज्याला "गप्प राहा" म्हटले, त्याचा मात्र सरावच बंद पडतो. मोठेपणी भजनाला बसले तरी असे माणूस नुसती टाळी वाजवते आणि म्हणते, "मला नाही गाता येत." हे त्याला कोणीतरी लहानपणी शिकवलेले असते.

अशा मुलासाठी काय करावे? त्याला चांगल्या गळ्याच्या मुलाशेजारी बसवावे. कोकिळेचा, मांजराचा, गिरणीच्या भोंग्याचा आवाज काढावयास लावावे, म्हणजे खेळता खेळता त्याचा आवाज वरखाली फिरू लागतो. कधी तो ज्या सुरात गुणगुणतो तोच सूर साऱ्या वर्गाने धरावा. आपला सूर इतरांशी जुळला म्हणजे कसे वाटते, हे त्याला निदान एकदा अनुभवू द्यावे.

आणि एवढे करूनही मूल मागून हाक मारली तर वळत नसेल, टाळी थांबली तरी चालतच राहत असेल, तर त्याला बेसूर किंवा मठ्ठ ठरवण्यापूर्वी त्याच्या कानांची तपासणी करून घ्या. कान वाहणे हे लहान मुलांत नेहमी आढळणारे दुखणे आहे, आणि त्याने ऐकू कमी येते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते, त्याला ते मूल आवर्जून दाखवा. गाण्याचा खेळ हा असा कानांची परीक्षाही घेतो.

शेवटी मोबाइलविषयी. त्यावर मुलांची गाणी पुष्कळ मिळतात, आणि ती ऐकवण्यास हरकत नाही. परंतु मोबाइल मुलासाठी थांबत नाही. त्याचा शब्द अडला, पाऊल चुकले, तरी तो आपला पुढेच जातो. आई किंवा आजी थांबते, हसते आणि पुन्हा म्हणते. म्हणून आठवड्यातून एकदा एका मुलाच्या आईला किंवा आजीला वर्गात बोलवा. तिच्या घरचे, तिच्या बोलीतले एक गाणे तिने साऱ्यांना शिकवावे. वर्षभरात तीस गाणी जमतील, पेटीला एक पैसाही न देता. आणि ज्या मुलाची बोली वर्गात कोणी बोलत नाही, ते त्या दिवशी ताठ मानेने पुढे उभे राहील.

गाता येत नाही म्हणणाऱ्या बाईंना एवढेच सांगतो : मुले तुमच्या गळ्याची परीक्षा घेत नाहीत. तुम्ही त्यांच्याबरोबर फेरात उतरता की नाही, एवढेच ती पाहतात. उद्या पंधरा मिनिटे काढा, सतरंजी गुंडाळून बाजूला ठेवा, आणि आगगाडीपासून सुरुवात करा.