योगाचे माप



योगाभ्यासाचे शारीरिक व मानसिक लाभ हा विषय व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे सोपविला आहे. विषय जुना आहे आणि त्यावर बोलणारेही पुष्कळ. काही म्हणतात, योगाने न बरा होणारा रोगच नाही. काही म्हणतात, हे सगळे बैराग्यांचे थोतांड. दोन्ही पक्षांचा आवेश मोठा असतो, आणि बहुधा दोन्ही पक्षांनी सलग तीन महिने आसनावर बसून पाहिलेले नसते. आम्हांस आज एवढेच सांगावयाचे आहे की, योगाचा लाभ खरा आहे, परंतु तो मापाचा आहे. माप सोडले की लाभ हातचा जातो, आणि प्रसंगी जीवही धोक्यात येतो.

हा विषय आपल्या छत्रपती संभाजीनगरास परका नाही. वेरूळच्या जैन लेण्यांत पद्मासनस्थ तीर्थंकर आपण पाहिले आहेत. अंगावर वेली चढल्या तरी न हललेला बाहुबलीही तेथेच उभा आहे. गोदाकाठचे आपेगाव हे ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचे गाव. आणि येथून फार दूर नसलेल्या नेवाशास शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आसन, बंध आणि कुंडलिनी यांचे विस्तृत वर्णन आहे. त्या मूर्तींकडे नीट पाहा. कोणी अंगाची गाठ मारून दाखवीत नाही. सगळा भर स्थैर्यावर आहे. पतंजलींच्या १९५ च्या आसपास असलेल्या सूत्रांत आसनाविषयीची सूत्रे अवघी तीन आहेत, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

परंतु मूर्ती पाहून श्रद्धा उपजते, माप कळत नाही. माप घेण्याचे काम एका मराठी माणसाने आरंभिले. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढचे स्वामी कुवलयानंद, यांचा जन्म १८८३ चा, डभोईचा. बडोद्यास प्रोफेसर माणिकराव यांच्याकडे त्यांनी व्यायामाचे धडे घेतले, खानदेशात अमळनेरास शिक्षणकार्य केले, आणि नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजींपाशी योग शिकले. दुसरा कोणी असता तर गुरूची थोरवी गात बसला असता. यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांपुढे योगक्रिया करवून घेतल्या.

नौलीत पोटाचे स्नायू विशिष्ट रीतीने आवळले असता मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी यंत्राने मोजून दाखविले. पाण्यात बसून आतड्यात पाणी ओढून घेणारा योगी सिद्धीने नव्हे, तर या दाबाच्या फरकाने ते ओढतो, असा त्याचा अर्थ. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक काढून आपले प्रयोग जगापुढे मांडले. चमत्कार गेला आणि क्रिया उरली. आमच्या मते, योगाची याहून मोठी सेवा क्वचितच कोणी केली असेल.

आता शरीराच्या लाभाकडे वळू. आपले निम्मे गाव बसून काम करते. गुलमंडीवरचा दुकानदार गादीवर, कारकून खुर्चीवर, विद्यार्थी पुस्तकावर वाकून. पाठीचा कणा मागे, बाजूला आणि पिळून वळण्यासाठी घडलेला आहे. त्याला दिवसभर एकच वाक मिळतो. भुजंगासन, मत्स्येंद्रासन, ताडासन ही त्या कण्याला त्याच्या विसरलेल्या हालचाली परत देतात. जुनाट कंबरदुखीवर योगाचा उपयोग होतो काय, याची जगभरच्या प्रयोगांवरून छाननी झाली आहे. २०१७ च्या एका मोठ्या आढाव्यात निष्कर्ष निघाला तो असा : काहीच व्यायाम न करणारांपेक्षा योग करणारांची हालचाल थोडीबहुत सुधारते, मात्र पाठीच्या इतर चांगल्या व्यायामांपेक्षा योग फारसा सरस ठरत नाही. त्याच वर्षी अमेरिकेतील वैद्यांच्या एका प्रमुख संस्थेने जुनाट कंबरदुखीस औषधाआधी करून पाहण्याच्या उपायांत योगाचा समावेश केला. योगाच्या भक्तास हे थोडके वाटेल. परंतु ज्याला सकाळी वाकून बूट बांधता येत नाहीत, त्याला हे थोडके नाही.

मनाच्या लाभाचे दार श्वासात आहे. येथे बसल्या बसल्या आपण एक प्रयोग करू या. उजव्या हाताची बोटे डाव्या मनगटाच्या नाडीवर ठेवा. श्वास हळूहळू आत घ्या. नाडी किंचित जलद होईल. मग त्याहून हळू सोडा, ती मंदावेल. सर्वांनाच हा फरक बोटांना स्पष्ट जाणवेल असे नाही, परंतु तरुणांना तो सहज कळतो. श्वास सोडताना व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाचा लगाम किंचित खेचतो, त्याचा हा परिणाम. हृदयावर आपला थेट हुकूम चालत नाही, पण श्वासावर चालतो. आणि श्वासाच्या वाटेने हृदयापर्यंत निरोप पोहोचतो. प्राणायामाचे मर्म ते हेच.

२००१ साली इटलीतील संशोधकांनी प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मोठा बोधक आहे. त्यांनी काही निरोगी माणसांना ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना म्हणावयास लावली आणि ‘ॐ मणिपद्मे हुम्’ हा बौद्ध मंत्रही म्हणावयास लावला. दोहोंतही श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची आपोआप चालणारी यंत्रणा अधिक तत्पर झाली. म्हणजे गुण कोणा एका धर्माचा नव्हता. संथ लयीचा होता. जप करणारी आजी आणि प्राणायाम करणारा नातू एकाच वाटेचे प्रवासी आहेत.

येथेही अतिशयोक्ती नको. येल विद्यापीठाचे संशोधक कोवूर बेहनन लोणावळ्यास राहून योग शिकले आणि १९३७ साली त्यांनी आपले निरीक्षण ग्रंथरूपाने मांडले. प्राणायामानंतर लगेच बेरजेसारख्या बौद्धिक चाचण्या घेतल्या, तेव्हा कामाचा वेग वाढण्याऐवजी मंदावलेला त्यांना आढळला. म्हणून परीक्षेच्या दारात प्राणायाम करून गणिते झरझर सुटतील, अशी आशा विद्यार्थ्यांनी धरू नये. प्राणायाम मनाला चाबूक मारीत नाही, त्याचा ताण उतरवितो. रात्री झोप लागावी, राग आवरावा, काळजीची गिरणी काही वेळ थांबावी, यासाठी तो आहे. आणि संसारी माणसाला हेच अधिक हवे असते.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही विशेषेकरून उभे आहोत ती सांगतो. १९५७ साली वेंगर, बागची आणि आनंद या शास्त्रज्ञांनी हृदय थांबविण्याचा दावा करणाऱ्या योग्यांना यंत्रे लावून तपासले. श्वास कोंडून छाती आवळली की मनगटाची नाडी लागेना, हृदयाचा ठोका ऐकू येईना. परंतु विद्युत्-आलेख सांगत होता की हृदय चालूच आहे. जे हृदयाचे, तेच रोगाचे. मधुमेह्याने चार आठवडे आसने केली, त्याला बरे वाटू लागले, आणि त्याने गोळ्या सोडल्या, तर बाहेरून नाडी लागेनाशी झाली म्हणून हृदय थांबले असे मानण्यासारखेच ते होय. रोग आत चालूच असतो. इन्शुलिनवर जगणाऱ्या लेकराचे इन्शुलिन कोणाच्या सांगण्यावरून बंद करणे हे तर त्याच्या जिवावर उठणे आहे. औषधाच्या जोडीला योग जरूर करा. रक्तदाब, साखर उतरली तर डॉक्टर स्वतःच मात्रा कमी करतील. ती कमी करणारा हात डॉक्टरांचा असावा, आपल्या उत्साहाचा नसावा.

आसनांनाही हेच माप लावावे. शीर्षासनात डोळ्यांतील दाब बराच वाढतो. काचबिंदू असलेल्याने त्याच्या वाटेस जाऊ नये. गुडघे धरलेल्या आजोबांनी पद्मासनाचा हट्ट धरू नये. १९३७ साली पुण्यास आलेले बी. के. एस. अय्यंगार स्वतः बालपणी आजारांनी जर्जर झालेले होते. त्यांनी खुर्ची, दोर, विटा, पट्टे यांच्या आधाराने आसने बसविली आणि वृद्ध व दुखणेकऱ्यांनाही योग मोकळा केला. शरीराला आसनासाठी मोडू नये. आसनाने शरीरापर्यंत यावे, हा त्याचा अर्थ.

मग करावे काय? वाळूजच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेल्या कामगाराने झोपण्यापूर्वी दहा मिनिटे शवासन आणि संथ श्वास करावा. गृहिणीने घरच्यांचे डबे भरण्याआधी वीस मिनिटे आपल्यासाठी राखावीत आणि घरच्यांनी ती राखू द्यावीत. उन्हाळ्यात पहाटेची वेळ धरावी, पोट रिकामे असावे, पहिले काही दिवस जाणत्या शिक्षकाच्या नजरेखाली जावेत. श्वास धापेवर आला, कोठे कळ आली, तर तेथेच थांबावे. २१ जून हा २०१५ पासून आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून पाळला जातो. मैदानावर हजारो माणसे एकत्र येतात, हे चांगलेच आहे. परंतु खरा प्रश्न २२ जूनच्या सकाळी कितीजण सतरंजी अंथरतात हा आहे.

आणि एक छोटी वही ठेवा. तीत महिन्याच्या आरंभी झोप किती लागते, किती जिने चढता धाप लागते, रक्तदाब किती आहे, हे लिहा. तीन महिन्यांनी पुन्हा लिहा. लाभ झाला असेल तर तो कागदावर दिसेल, नसेल तर तेही दिसेल. कुवलयानंदांनी बडोद्याच्या रुग्णालयात जे केले, त्याची ही घरगुती आवृत्ती आहे. आमच्या शब्दावर विश्वास ठेवू नका. त्या वहीवर ठेवा.