आधी गळती, मग भिंत
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात एका सभासदांनी केलेलं छोटं भाषण)

भिंतीवर टिचकी मारा. पोकळ वाजली तर बहुधा जिप्सम बोर्ड. दोन कागदांमध्ये जिप्सम, जाडी साधारण १२.५ मिलिमीटर. पाणी मुरलं की मऊ पडतो, मग नुसती पुट्टी आणि रंग काही टिकत नाही. मी दोनदा तेच केलं, आणि दोन्ही वेळा वरच्या वहिनींशी भांडलो. शेवटी निघालं काय, तर आमच्याच बाथरूमचा पाइप गळत होता! (माफी मागायला गेलो, तर चहाही त्यांनीच दिला.)

तेव्हा आधी गळती बंद करा, आतलं वाळू द्या. मेन स्विच बंद करून, आत वायर आहे का ते पाहून खराब भाग चौकोनी कापा, पत्र्याच्या चॅनेलच्या मध्यापर्यंत. म्हणजे नव्या तुकड्याचे स्क्रू त्यातच बसतात. सांध्यावर टेप, मग जॉइंट कंपाउंडचे पातळ हात. पहिला वाळल्याशिवाय दुसरा नको, आमच्या घाईची भेग अजून दिसते. बाथरूमलगत हिरवा बोर्ड घ्या, ओल सोसतो. पण सतत पाणी लागलं तर तोही जातो.

आमचा कापलेला तुकडा टेबलावर ठेवलाय, दाबून बघा.