घोड्याची बोली



वसंत व्याख्यानमालेत रॉक संगीताचे काय काम, अशी शंका फलक वाचून काहींच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. परंतु मला आज संगीतापेक्षा भाषेविषयीच अधिक बोलावयाचे आहे, आणि त्यासाठी मी कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या एका गायक-वादकांच्या संचाची हकीकत घेऊन आलो आहे.

क्वेबेक शहरात अब्राहमचे पठार आहे. १३ सप्टेंबर १७५९ रोजी तेथे इंग्रज आणि फ्रेंच सैन्यांची लढाई झाली. फ्रेंच हरले, आणि १७६३च्या तहाने तो सारा मुलूख इंग्रजांकडे गेला. राजसत्ता गेली, पण शेतकरी, लाकूडतोडे, कोळी जागच्या जागी राहिले. त्यांची फ्रेंचही राहिली. व्यापार आणि कारखाने मात्र पुढे इंग्रजी भाषकांच्या हाती गेले. चारचौघांत फ्रेंच बोलणाऱ्याला ‘स्पीक व्हाइट’, म्हणजे गोऱ्यांची भाषा बोल, असे हिणवले जाई. बोलणारा स्वतः गोराच असे, ही त्यातली गंमत म्हणावी की क्रौर्य, ते आपणच ठरवा.

हा अपमान बाहेरचा झाला. घरातलाही एक होता. फ्रेंचमध्ये घोड्याला ‘शव्हाल’ म्हणतात. क्वेबेकमधला साधा माणूस त्याचा उच्चार ‘जुआल’ असा करी. तेव्हा तेथील शिकल्यासवरल्या लोकांनी या बोलीलाच ‘जुआल’ असे नाव ठेवले. घोड्याची बोली! १९६० साली एका धर्मबंधूने टोपणनावाने लिहिलेले पुस्तक फार गाजले. त्यात या बोलीवर कडक टीका होती. म्हणजे इंग्रजासमोर फ्रेंच बोलण्याची लाज, आणि सुशिक्षित फ्रेंचासमोर आपल्या तऱ्हेने बोलण्याची लाज. अशा माणसाने तोंड उघडावे तरी कोठे?

ते उघडले रंगभूमीवर आणि गाण्यात. १९६८ साली मिशेल त्रांब्ले यांचे ‘ले बेल-सर’ हे नाटक याच बोलीत रंगमंचावर आले. त्याच वर्षी रोबेर शार्लब्वा यांनी अमेरिकेतले रॉक संगीत उचलले आणि त्यावर क्वेबेकची बोली चढवली. पुढे १९७७ साली प्रांतिक सरकारने कायदा करून फ्रेंचला कचेरीत, कारखान्यात आणि दुकानाच्या पाटीवर मानाचे स्थान दिले.

आता आपल्या मंडळींकडे येतो. मॉन्ट्रियलजवळच्या रपाँतिन्यी या गावी हॉकी खेळणाऱ्या दोन तरुणांची गाठ पडली. एक गायक कार्ल त्रांब्ले, दुसरा गाणी रचणारा ज्यां-फ्रांस्वा पोझे. १९९५च्या सुमारास त्यांनी संच उभा केला. त्याचे नाव ‘ले काउबॉय फ्रँगां’. ‘फ्रँगां’ हे विशेषण उमद्या, उधळत्या घोड्याला लावतात. घोडा पुन्हा आला, पण या वेळी शिवी म्हणून नव्हे! मारी-आनिक लेपिन व्हायोलिन, ॲकॉर्डियन आणि मँडोलिन घेऊन आल्या, आणि रॉकच्या गिटारीशेजारी खेड्यातल्या नाचाच्या चाली ऐकू येऊ लागल्या.

त्याच वर्षी, ३० ऑक्टोबर १९९५ रोजी, क्वेबेकने स्वतंत्र व्हावे काय यावर सार्वमत झाले. स्वातंत्र्यवाद्यांचा प्रस्ताव सुमारे ५४ हजार मतांनी पडला. हे तरुण स्वातंत्र्याच्या बाजूचे. पण त्यांनी नुसत्या घोषणा गायिल्या नाहीत. २००२ सालच्या ज्या संग्रहाने ते घरोघरी पोचले, त्याचे नाव ‘ब्रेक सँदिकाल’, म्हणजे कामगार संघटनेने मिळवून दिलेली कामातली विश्रांती. त्यातला पहिला शब्द सरळ इंग्रजी आहे. कामगार जसे बोलतो तसेच लिहिले. सोवळे पाळले नाही. २००४च्या ‘ला ग्राँ-मेस’ या संग्रहात पृथ्वीवरच्या अखेरच्या माणसाने सांगितलेली हकीकत आहे. २०१९ सालच्या एका गाण्यात लांब पल्ल्याचा ट्रकवाला रस्त्यावरून दिसणारी अमेरिका सांगतो. स्वतःची थट्टा, राज्यकर्त्यांवर कोरडे, जंगलतोडीची चीड आणि सामान्य माणसाविषयी माया, हे सारे त्यात आहे.

कार्ल त्रांब्ले यांना पुढे कर्करोगाने गाठले. आजार असतानाही ते गात राहिले. १७ जुलै २०२३ रोजी अब्राहमच्या पठारावर त्यांचा कार्यक्रम झाला. सुमारे ९० हजार माणसे जमली होती. ज्या मातीवर १७५९ साली त्यांच्या भाषेची राजसत्ता बुडाली, त्याच मातीवर ती भाषा हजारो कंठांतून निघत होती. त्यानंतर चारच महिन्यांनी, १५ नोव्हेंबर रोजी, वयाच्या ४७व्या वर्षी त्रांब्ले निवर्तले. २८ नोव्हेंबरला मॉन्ट्रियलच्या बेल सेंटरमध्ये त्यांना सरकारतर्फे राष्ट्रीय श्रद्धांजली वाहण्यात आली. ते हॉकीचे भव्य क्रीडागृह आहे. हॉकीपासून सुरू झालेल्या मैत्रीचा निरोप तेथेच व्हावा, हा योग विलक्षण. २०२४ साली संचाचा जो संग्रह निघाला, त्यातही त्यांचा ध्वनिमुद्रित आवाज आहे.

यातून काय घ्यावयाचे? कायदा निरुपयोगी, असे मी म्हणत नाही. १९७७चा कायदा नसता तर कदाचित हे श्रोतेही उरले नसते. फ्रेंच नभोवाणी केंद्रांनी ठराविक प्रमाणात फ्रेंच गाणी लावलीच पाहिजेत, असाही तेथे नियम आहे. पण नियमाने गाणे वाजते. ते गुणगुणावेसे वाटायला निराळे काही लागते. कायदा भाषेला जागा करून देतो, त्या जागी वस्ती माणसांनाच करावी लागते. आणि माणसे तेथे वस्तीला तेव्हाच येतात, जेव्हा आपण घरी जसे बोलतो तसे बोलण्याची तेथे लाज वाटत नाही. या मंडळींनी ‘घोड्याची बोली’ शुद्ध करून घेतली नाही. तिच्यावर स्वार होऊन ते रपाँतिन्यीहून त्या पठारावर पोचले.