रोज म्हणजे किती?



गळ्यात हार असताना नळवाल्यांच्या मेळाव्याच्या अध्यक्षाने पैशाबद्दल बोलू नये, असं आमचे एक ज्येष्ठ सहकारी आत्ताच कानात सांगून गेले. त्यांची माफी मागून बोलतो. पुण्यात 31 वर्षं नळाची कामं केली. पाना हातात असताना कधी अडलो नाही. अडलो तो एकाच प्रश्नाला, "मिस्त्री, रोज किती घेणार?"

आपण अडखळतो याला कारण आहे. गावगाड्यात सुताराचं, लोहाराचं बलुतं ठरलेलं होतं. सुगीला खळ्यावर गेलं की वाटा पदरात पडायचा. पाणी भरणारा कोळीसुद्धा बलुतेदारांत होता. नळवाला नव्हता, कारण नळच नव्हता. 2023 साली कारागिरांसाठी पीएम विश्वकर्मा योजना आली, तिच्या 18 व्यवसायांत गवंडी आहे, कुलपं करणारा आहे. आपण तिथेही नाही. म्हणजे आपण ना रिवाजात, ना सरकारच्या यादीत, आणि आपला दर आपल्यालाच ठरवावा लागतो. शेजारचा काय घेतो ते बघून आपण सांगतो, आणि शेजारच्याने तो आपल्याकडे बघूनच ठरवलेला असतो.

काही वर्षांपूर्वी, मुलीच्या आग्रहाखातर, मी वही घेऊन बसलो. 365 दिवसांतून 52 रविवार वजा केले. सणवार, लग्नं, गावची जत्रा, ताप-खोकला यांचे 33. राहिले 280. त्यातले साठेक दिवस कामं बघायला, अंदाज द्यायला, उधारी मागायला आणि नुसतं फोनची वाट बघण्यात जातात. विकायला उरतात 220 दिवस. आता खर्च. घराला महिना 25 हजार, म्हणजे वर्षाचे 3 लाख. पेट्रोल, हत्यारं, मोबाइल, गाडीची दुरुस्ती मिळून 70 हजार. विमा आणि म्हातारपणाची तजवीज आणखी 70 हजार. साठीनंतर सिंकखाली कोण शिरणार? बेरीज 4 लाख 40 हजार. भागिले 220. दोन हजार रुपये रोज.

मी तेव्हा चौदाशे घेत होतो.

मुलीने विचारलं, "बाबा, मग वरचे सहाशे येतात कुठून?" मला उत्तर माहीत होतं, पण तोंडातून निघेना. थोडे येत होते म्हातारपणातून, कारण त्यासाठी मी काहीच बाजूला टाकत नव्हतो. आणि थोडे येत होते हार्डवेअरच्या दुकानातून. इथे बसलेल्यांपैकी कुणाला हे नवीन नाही. गिऱ्हाईक आपल्याबरोबर दुकानात येतं, आपण बोट दाखवतो तो डायव्हर्टर घेतं, आणि संध्याकाळी दुकानदार आपलं कमिशन बाजूला ठेवतो. कोणता माल टिकतो यापेक्षा कोणत्या मालावर जास्त सुटतात, याकडे बोट वळायला लागतं. माझंही वळलं होतं. मजुरीत स्वस्त दिसायचं आणि मालात वसूल करायचं, हा आपल्या धंद्यातला खरा गळका जोड आहे, आणि त्याला कुठलंही टेफ्लॉन पुरत नाही. त्या वर्षापासून मी मालाची यादी लिहून देतो. माल तुम्ही आणा, रोज दोन हजार, हेल्परचा वेगळा. पहिल्या दोन महिन्यांत तीन जुनी गिऱ्हाइकं सोडून गेली. त्यातलं एक परत आलं.

रोजावर जावं की उक्तं घ्यावं, यावर मात्र माझं मत पक्कं आहे. नवं बांधकाम, सीपीव्हीसीची लाइन, पॉइंट मोजता येतात, तर खुशाल उक्तं घ्या. भिंतीआड काय आहे हे दिसत नसेल तर रोजच. पेठेतल्या एका जुन्या घरात न्हाणीघराचं काम मी अंगावर घेतलं होतं, दोन दिवसांच्या हिशेबाने. आत जीआय पाइप, वरचा जस्ताचा थर कधीच गेलेला. पहिला नळ फिरवला आणि आटे भिंतीतल्या एल्बोतच तुटून राहिले. ते काढायला भिंत फोडली तर पुढचा जोड सुटला. सहा दिवस गेले. चार दिवस मी त्या घरमालकाला माझ्या खर्चाने नळ बसवून देत होतो, आणि तो मला चहाही विचारत नव्हता. चहाचं अजून लागतं, खोटं कशाला सांगू?

अर्ध्या रोजाबद्दल दोनच शब्द. सकाळी कोथरूडला वॉशर बदलायचा आणि दुपारी हडपसरला जायचं, यात दिवस वॉशरमध्ये जात नाही, रस्त्यात जातो. म्हणून अर्ध्या रोजाखाली घराबाहेर पडू नका. सोसायटीत एकाच वेळी चार घरांची कामं जमवून दिली, तर तो अर्धा रोज चौघांत वाटून घेऊ द्या.

आज ठराव येणार आहे की मेळाव्याने सगळ्यांसाठी एकच दर जाहीर करावा. मी त्याच्या विरुद्ध हात वर करणार आहे. औंधच्या मिस्त्रीचं घरभाडं आणि बारामतीच्या मिस्त्रीचं घरभाडं एक नाही, मग रोज एक कसा? त्याऐवजी रोज म्हणजे काय ते ठरवू: साडेनऊ ते सहा, मध्ये पाऊण तास जेवण, प्रेशर टेस्ट त्यातच, राडारोडा उचलणं त्यात नाही. एवढं एका कागदावर छापून प्रत्येकाच्या खिशात असलं, तर आकडा ज्याचा त्याने घालावा.

माझी ती वही बाहेर चहाच्या टेबलावर ठेवली आहे. बघा. पेट्रोलचा आकडा जुना आहे, तेवढा आपापला घाला.