कोकोचा भाव आणि घानाचा शेतकरी

चॉकलेटची वडी हाती घेणाऱ्या बालकाला ती कोणत्या झाडापासून झाली हे क्वचितच ठाऊक असते. पश्चिम आफ्रिकेतील घाना देशाचे दैव मात्र शंभराहून अधिक वर्षे त्याच झाडाशी बांधलेले आहे.

टेटे क्वार्शी हा व्यवसायाने लोहार. १८७९ च्या सुमारास फर्नांडो पो बेटावरून परतताना त्याने कोकोच्या बिया आणल्या व मॅम्पाँग येथे लावल्या. त्याच्या आधी बाझेल मिशननेही (मंगळुरी कौलांमुळे हे नाव आपल्याकडे परिचित आहे) तेथे ही लागवड करून पाहिली होती. पुढे तीन तपेही लोटली नाहीत तोच, १९११ साली, गोल्ड कोस्ट हा प्रदेश कोकोच्या निर्यातीत जगात पहिला ठरला. घानाचेच हे तेव्हाचे नाव. विशेष हे की, ही किमया गोऱ्या मळेवाल्यांची नव्हे. फळे फोडणे, बिया केळीच्या पानांत झाकून पाचसहा दिवस आंबवणे, मग त्या उन्हात वाळवणे, हे सारे लहान शेतकऱ्यांच्या कुटुंबांनी केले.

युरोपीय व्यापाऱ्यांनी एकजूट करून भाव पाडला, तेव्हा १९३७ साली याच शेतकऱ्यांनी माल विकण्याचे नाकारले. त्यानंतर १९४७ मध्ये सरकारी खरेदी मंडळ स्थापन झाले. चांगल्या वर्षी पैसा राखून ठेवावा आणि मंदीत तो शेतकऱ्याला द्यावा, हा त्याचा उद्देश. परंतु साठलेले धन पाहून कोणत्या राज्यकर्त्याचे मन स्थिर राहते? १९५७ च्या स्वातंत्र्यानंतर एन्क्रुमा यांच्या सरकारने ते विकासकार्याकडे वळवले. अकोसोंबोचे धरण १९६५ मध्ये पुरे झाले. वीज हवीच होती. त्यात चूक नव्हती. चूक ही की, ज्या झाडाने पैसा दिला त्याच्याकडे त्यातले फारसे परतले नाही. १९६५ मध्येच जागतिक भाव कोसळला, पुढच्या वर्षी सरकार गेले. १९६४-६५ मध्ये साडेपाच लाख टनांवर पोहोचलेले पीक १९८३-८४ मध्ये सुमारे १ लाख ६० हजार टनांवर आले. दुष्काळ व वणवे हे कारण खरे; पण मिळणाऱ्या भावात नवी रोपे लावण्याची उमेदही उरली नव्हती.

डिसेंबर २०२२ मध्ये घानाने परकीय कर्जाचे हप्ते थांबवले. २०२४ च्या वसंतात न्यूयॉर्कच्या बाजारात कोको टनाला दहा हजार डॉलरांवर गेला, तरी शेतकऱ्याच्या पदरी त्यातला अल्पांशच पडला. कारण पिकाचा मोठा भाग आधीच्याच भावाने विकून टाकलेला होता. साहजिकच कित्येक पोती चोरवाटेने आयव्हरी कोस्ट व टोगोकडे गेली. पिठ्या ढेकणांमुळे पसरणाऱ्या फांद्या सुजवणाऱ्या रोगावर झाड तोडण्यावाचून इलाज नाही, आणि नवे झाड फळाला येण्यास तीन ते पाच वर्षे लागतात. तेवढी वर्षे कुटुंबाने खावे काय? सोने शोधणारा दलाल रोकड घेऊन बांधावर उभा असतो, आणि शेतकरी अखेर जमीन त्याच्या हवाली करतो.